उलटे दाते

वाटणीत ट्रॅक्टर आर्मसकाकाकडे गेला
आणि त्याच्या मागे लागणारा टिलर आमच्याकडे आला.
एकाकडे बैल, दुसऱ्याकडे नांगर म्हणा ना.
मधे कुंपण.
त्याला फाटक ठेवायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.
एकोणीस वर्षं.

इथे पेल्कीच्या बाहेर, मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला,
एप्रिल म्हणजे शेडच्या सावलीत कमरेएवढा बर्फ.
बाबा नोव्हेंबरात गेले.
टिलर ताडपत्रीखाली एका कुशीवर कलंडलेला.
मी शाळेची बस चालवते. इंजिन आजारी आहे
हे मला आवाजावरून कळतं,
कशाने आजारी ते कळत नाही.

साखळीची पेटी उघडली.
तेलाच्या जागी दुधाळ, आंबूस काहीतरी;
सील केव्हाच गेलं होतं, पाणी आत राहायला आलं होतं.
दांड्याभोवती गुंडाळलेलं सगळं सुरीने कापत बसले:
गवताच्या गठ्ठ्यांची सुतळी,
मासे धरायची दोरी, तिला अजून गळ होता
(अंगठ्याला विचारा),
आणि लाल लोकर. बुजगावण्याच्या स्वेटरची.
स्वेटर आधी काकाचा होता.

बेअरिंगचा नंबर वाचायला बाबांचा चष्मा लागला.
नवं आलं ते बसेना.
मग शनिवारी सौना पेटवला, पण आम्ही कुणी आत गेलो नाही,
गेली ती बिडाची पेटी, तापल्या दगडांवर.
बेअरिंग रात्रभर बाहेर बर्फात.
सकाळी मोजे घालून पेटी धरली, बेअरिंग टेकवलं,
आणि ते आपसूक आत गेलं.
टक्.
त्या एका आवाजासाठी मी पुन्हा सगळं खोलीन.

गॅस्केट ओटच्या खोक्यातून कातरलं.
त्यावरचा हसरा म्हातारा आता तेलात आहे.
दाते सोळा, झिजून म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांएवढे झालेले.
नवे मागवले, बत्तीस बोल्ट,
एकेक आवळताना मनात त्यांना मुलांची नावं दिली,
बसमधल्या, शेवटच्या बाकावरच्या.

मग रस्त्याने अर्धा मैल चालत गेले.
काकाने दार उघडलं.
"टिलर झालाय," मी म्हणाले. "ट्रॅक्टर नाही."
तो टोपी शोधायला आत गेला,
इतका वेळ गेला की वाटलं, मागच्या दाराने पसार झाला.

फाटक नाही, म्हणून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून आला,
मागे दुधाचा टँकर, गपगुमान.
खीळ बसेना. काकाने हातोड्याने बसवली.
पट्टा ओढला, टिलर फिरला,
आणि जमिनीत शिरायच्या ऐवजी
बकरीसारखा उड्या मारू लागला,
ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू लागला.
माती जशीच्या तशी. फक्त ओरखडे.

काकाने इंजिन बंद केलं.
उतरला, वाकला,
आणि हसायला लागला. चाकाला धरून.
एक्याऐंशी वर्षांचा माणूस.
"उलटे बसवलेस.
विल्योनेही पहिल्यांदा असेच बसवले होते."
डोळे पुसले.
"मी दोन दिवस त्याला सांगितलंच नाही."
मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता,
"सांगायला हवं होतं."
ते दात्यांबद्दल होतं की कशाबद्दल,
मी विचारलं नाही. तेराचा पाना दिला.

अंधार पडेपर्यंत बत्तीस बोल्ट काढले,
बत्तीस लावले. एकाची कड गेली,
तो अजून खुळखुळतो.
दुसऱ्या दिवशी माती उघडली, काळी, थंड,
तिच्यातून वाफ निघाली.
कुंपणापाशी आल्यावर काका थांबला.
"वळायला जागा नाही."
कुंपणाकडे बघत राहिला,
जणू ते रात्रीत कुणी घातलंय.
मग पहार मागितली.

तीन खांब काढलेत.
बटाटे निघाले की परत लावू, म्हणाला.
ते खांब मी शेडमध्ये ठेवलेत,
ताडपत्रीखाली, एका कुशीवर.