शनिवारच्या आधी

फेने,
शनिवारी ससा येणार, असा तुझ्या आईचा फोन होता.
पिंजरा घेऊ नका, म्हटलं तिला.
दुकानवाले त्याला घर म्हणतात.
मी एकोणतीस वर्षं तसलेच खोके ठोकले,
माप पाठ आहे मला:
ससा वळेल, पण धावणार नाही, एवढं.
त्यापेक्षा स्वयंपाकघरातला खिडकीखालचा कोपरा द्या
आणि वायरी उचला. सगळ्या.
रेडिओची वायर दिसली की त्याला मुळी आठवते.

एक नको, दोन आण.
एकटा ससा गप्प बसून राहतो
आणि आपण म्हणतो, किती गुणी!
पण आधी दोघांना डॉक्टरकडे ने,
नाहीतर महिन्याभरात दोनाचे नऊ.

गाजर चित्रात ठीक. कधीतरी एक चकती, सणासारखी.
रोज गवत दे. सुकं, हिरवट, लांब काडीचं,
त्याच्या अंगाएवढा ढीग.
दात वाढतच असतात त्यांचे, मरेपर्यंत,
गवत हीच त्यांची कानस.

आणि हो, पहाटे तो स्वतःच्याच बुडाशी तोंड नेईल,
काहीतरी मटकावेल.
ईऽऽ करू नकोस.
जेवणाची दुसरी पंगत आहे ती. एकदा खाऊन पुरत नाही गवत.

उचलू नकोस.
वरून आलेला हात म्हणजे सशाला ससाणाच.
घाबरून असा लाथ झाडतो की स्वतःचाच कणा मोडतो,
मी पाहिलंय. आवाजही ऐकलाय.
तू फरशीवर बस. पुस्तक उघड. कंटाळ.
तो येईल, तुझ्या मोज्याचा वास घेईल, परत जाईल.
पुन्हा येईल.
मंगळवारी नाही आला तर बुधवारी.

सशाचं काळीज म्हणून हसतात लोक,
पण दुखलं-खुपलं तर ते काळीज चकार शब्द काढत नाही.
एक वेळचं गवत तसंच पडलेलं दिसलं
तर "उद्या बघू" म्हणायचं नाही.
रविवार असो, रात्र असो, कोर्ट्राइकच्या डॉक्टरीणबाईंना उठवायचं.
माझं नाव सांग. नको, नको सांगूस.

हे सगळं मला कुठून माहीत, ते तू विचारलं नाहीस.
आईने सांगितलं असेल.
मागच्या अंगणात चाळीस खोके होते
आणि गोडेलीव आजीच्या पातेल्यात बिअर, सुके आलुबुखार,
आणि ते.
मी त्यांना वजनाने ओळखायचो.
अडीच किलो, पावणेतीन, हा अजून पंधरा दिवस.

एक राखाडी होती. डावा कान चिरलेला.
संध्याकाळी दार उघडलं की खाली उडी मारायची
आणि माझ्या बुटावर हनुवटी घासायची.
मला वाटायचं, खाज.

परवा तुझ्यासाठी ग्रंथालयातून पुस्तक आणलं,
मोठ्या अक्षरांचं, लहान मुलांचं.
त्यात पान अठरावर लिहिलंय:
ससा हनुवटी घासतो ती आपल्या वस्तूवर.
हे माझं आहे, असं इतरांना कळावं म्हणून.

मी पुस्तक मिटलं. चहा गार झाला.
ईस्टरच्या आदल्या दिवशी भरली होती ती
तीन किलो शंभर.

दहा वर्षं जगतात, नीट सांभाळलं तर बारा.
तू आता नऊची.
म्हणजे तुला कुणीतरी आवडू लागेल, तू घर सोडशील,
तरी कोपऱ्यात कुणीतरी गवत मागत असेल.
याचा विचार आज कर, शनिवारी नाही.
माझं वय त्यात मिळवू नकोस, बेरीज चुकते.

गवताची पेंढी मी आणतो. सायकलवर बसेल.
खुर्ची नको मांडूस माझ्यासाठी,
फरशीवर बसेन. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.
आणि आईला सांग,
दारात बूट काढायला लावू नको मला,
एवढ्या एका दिवशी.

आजोबा अखील