नमुना आठमध्ये वारा नाही

घर मातीचं की सिमेंटचं, याला रकाना आहे.
नळ, संडास, दिवाबत्ती, यांना आहे.
मोकळी जागा चौरस फुटांत.
रेणुका गवारगुरूच्या छतावर
सहा मे रोजी जे फिरायला लागलं
त्याला नाही.

बोअरचा जुना केसिंग पाइप, तीस फूट.
पीव्हीसी चिरून केलेली तीन पाती,
भंगारातल्या लुनाचं हब,
आणि जळक्या पंपांतून सोडवलेली तांब्याची तार,
जी ती डोळे मिटून बोटांनी मोजते,
वेढ्यामागून वेढा.
बारा गावांच्या मोटारी बांधते ही बाई.
वीज जाते तेव्हा तिच्याकडे
एक पिवळा दिवा आणि कूलरचा पंप चालू राहतो.
मे महिन्यात आमच्या भागात
याहून मोठी श्रीमंती नसते.

तक्रार आली शेजारून.
जगन अंबुलकर, केशकर्तनालय, अर्ज साध्या कागदावर:
दुपारी चारनंतर पात्यांची सावली आरशात शिरते,
गिऱ्हाइकाच्या गालावर नाचते.
"मॅडम, वस्तरा कुठी ठेवू, तुमीच सांगा."

मी नियम शोधला.
तालुक्याहून उत्तर आलं: सदर बाब या टेबलाची नाही.
दुसऱ्या टेबलानं एक झेरॉक्स दिली,
कुठल्या राज्याची कोण जाणे, वरचा कोपरा फाटलेला:
खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतर
चहूबाजूंनी सोडावे.

दीडपट म्हणजे पंचेचाळीस फूट.
टेप घेऊन गावठाण फिरले,
शिपायानं दुसरं टोक धरलेलं.
रेणुकाचं अख्खं घर अठ्ठावीस फूट रुंद.
नियमाप्रमाणे पडायला जागा असलेली
तीन ठिकाणं सापडली:
शाळेचं मैदान, स्मशान,
आणि सरपंचाच्या चुलत्याचं खळं.
बाकी कुणालाही या गावात
उभं राहायची परवानगी आहे,
पडायची नाही.

ग्रामसभेला यंदा पहिल्यांदा कोरम भरला.
"पडन त कोनाच्या अंगावर पडन?"
"मंग टॉवर काहून चालते?"
"टॉवर कंपनीचा हाय."
सगळे हसले. मग कुणी हसलं नाही.
मागून एक म्हातारी: "वाऱ्यावर कर लावसान काय वो?"
नाही म्हटलं मी. खात्री नव्हती.
रेणुका भिंतीला टेकून
नखांतलं वार्निश खरवडत बसलेली.
शेवटी म्हणाली, "मी दोरी लावून देतो.
टोक जगनभाऊच्या हाती."

ठराव क्रमांक एकोणीस:
दुपारी चार ते सहा पाती बांधून ठेवावीत.
दोरीचे टोक दुकानाच्या खिळ्यास असावे.
हिवाळ्यात वेळ सूर्य पाहून ठरवावी.
'सूर्य पाहून' भोवती तालुक्यानं लाल गोल केला,
पर्याय दिला नाही.

चाललं.
शेवटची दाढी आटोपली की जगन टॉवेल झटकायचा,
दोरी सोडायचा
आणि पाती सुटेपर्यंत
कंगवा कानामागे खोचून वर पाहत राहायचा.

मग एका शुक्रवारी
चारला दोरी बांधून तो मूर्तिजापूरच्या लग्नाला गेला.
रात्री वीज गेली. वावधन सुटलं.
पत्रे आपटत होते,
निंबाचा पाला माझ्या भाड्याच्या खोलीत येत होता,
आणि रेणुकाच्या घरी अंधार.
ती ओट्यावर बसलेली,
हात लांबवला तर खिळा सापडेल इतक्यावर.
"सोडत का नाहीस?"
"ठराव हाय ना, मॅडम. टोक त्याचं हाय."

ठरावात ग्रामसेविकेचा उल्लेख नाही.
गाठ मी सोडली. एका ओढीत सुटणारी होती,
रोज सोडणाऱ्यानं मारलेली.
वर आधी नुसती कुरकुर,
मग काही दिसलं नाही, ऐकू आलं.

सकाळी रजिस्टर उघडून
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वारा होता.
खाली सही, तारीख.