तीन डावी वळणं

मंगळवारी सकाळी फारूश्का
गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती,
जणू भिंत तिला काही बोलली होती
आणि तिला ते नीट ऐकू आलं नव्हतं.

मी हाक मारली.
एक कान वळला. दुसरा
ओल्या मोज्यासारखा लोंबत राहिला.
मग ती निघाली: डावीकडे, डावीकडे, डावीकडे,
घाण्याला जुंपल्यासारखी.
घाणा मात्र नव्हता, तेल निघणार नव्हतं.
बुबुळं एका बाजूला सावकाश सरकायची
आणि झटक्यात परत यायची,
टाइपरायटरवर ओळ संपावी तशी.

आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या एप्रनमधून
चेस्टनट चोरले होते.
आदल्या संध्याकाळी!
हेच मी दिवसभर सगळ्यांना सांगत राहिले,
जसं काही कुणी मला खोटं पाडत होतं.

डॉक्टर नुएमिया मिरांदाहून आली,
बुटांवर दुसऱ्याच कुणाच्या गायीचं शेण.
तिनं फारूश्काचा एक पाय दुसऱ्यापुढे आडवा ठेवला.
फारूश्कानं तो तसाच राहू दिला,
आपला नसल्यासारखा.
"मेंदू असेल. कानाच्या आतलं असेल.
घशामागचं हाड असेल.
बघायचं यंत्र विद्यापीठात आहे,
आणि तिथवर ट्रकमध्ये ही उभी राहणार नाही."
सुई. मलम. चौदा दिवस.
"आडवी झाली आणि उठलीच नाही,
तर कितीही वाजता फोन करा."
फोन कशासाठी, ते मी विचारलं नाही.

सेराफिन कुंपणावरून म्हणाला,
"इदालिना, गाढवच ते शेवटी."
एकतीस वर्षं मी पॅरिसात लोकांचे जिने पुसले.
परत आले तेव्हा गाव अर्धं कुलपात होतं,
आणि जत्रेत ही उभी होती,
केस गुडघ्यांपर्यंत, कुणाला नको असलेली.
म्हटलं, "हो, गाढवच आहे. मग?"

गोठ्याला चार कोपरे असतात
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
चारही पेंढ्यानं बुजवले.
एकात मुलाच्या खोलीतली गादी लावली;
तो ऑगस्टमध्ये येतो, आला तर.
तिचा डावा डोळा मिटत नव्हता.
दर चार तासांनी मलम,
मग बोटानं पापणी खाली धरून बसायचं,
तिला झोप लागेपर्यंत. ती नेहमी लागायची नाही.
मला लागायची.

तिसऱ्या रात्री ती कोसळली.
अडले होते, पाय धरले गाढवाचे,
आणि म्हणीत नसतं ते कळलं:
खूर किती गार असतात.
ओढलं, शिव्या दिल्या, फ्रेंचमध्येसुद्धा.
छातीवर वळवून पाठीला गठ्ठा लावला.
फोन एप्रनच्या खिशात होता, चेस्टनटच्या टरफलांत.
पहाटे भिंतीपलीकडून मिनिश्त्रू ओरडला,
म्हातारा, दात पडलेला, तिचा सोबती.
तिनं उत्तर दिलं.
अर्ध्या तोंडाचं, वाकडं, फाटक्या भात्यासारखं.
आणि त्या आवाजामागोमाग,
कुणाचंच काही न ऐकता, उठली.

बरी झाली असं डॉक्टर म्हणत नाही.
"इतकी झाली" म्हणते.
मान कलती आहे. ओठ एका बाजूनं सैल,
पाणी पिते त्यातलं निम्मं मला मिळतं.
आणि उजवीकडे ती वळत नाही.

झरा उजवीकडे आहे.
म्हणून आम्ही चौकातून तशाच पुढे जातो,
मग डावीकडे, बंद शाळेवरून,
डावीकडे, ल्यॉनला गेलेल्यांच्या घरांमागून,
पुन्हा डावीकडे, स्मशानाच्या भिंतीलगत,
जिथून मी परतल्यापासून गेले नव्हते,
आणि त्याच चौकात येतो,
आता झरा समोर.

वीस मिनिटं जास्त लागतात.
काल सेराफिन दारात उभा होता,
काही न बोलता
त्यानं वाटेतली ढकलगाडी बाजूला घेतली.