कोणता वारा

त्रिएस्तच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर फुरलान म्हणाल्या, "डिमेन्शिया आहे,"
आणि आई पर्सची कडी उघडत-मिटत म्हणाली,
"म्हणजे अल्झायमर नाही ना? सुटलो बाई."

बाबा खिडकीतून
समोरच्या कचेरीवरचा झेंडा बघत होते.
एकतीस वर्षं बंदरात परक्यांची जहाजं आत आणली त्यांनी.
कुणी नुसतं "वारं सुटलंय" म्हटलं की उखडायचे,
"कुठलं वारं? त्याला नाव नाही?
सिरोक्को असला तर अंग चिकचिकतं, पाणी धक्क्यावर चढतं.
लिबेच्चो फटकळ, येतो आणि जातो.
आणि बोरा पठारावरून खाली कोसळतो तेव्हा
गल्ल्यांतून दोर बांधायचे, माणसांनी धरून चालावं म्हणून."

परतीच्या बसमध्ये मी आईला तेच सांगितलं.
डिमेन्शिया म्हणजे नुसतं वारं सुटलंय.
कुठलं, ते अजून कळायचंय.
रक्त तपासतील, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह,
कधी कधी एखादं दारच उघडं राहिलेलं असतं,
लावलं की घर शांत होतं.
आई म्हणाली, "आपली दारं मी रोज लावते."

इओलांदामावशी पायऱ्यांनी उतरली होती.
ऑगस्टात एक पायरी, मग कित्येक महिने सपाट,
नाताळात एकदम दोन.
मेंदूतल्या बारीक नळ्या तुंबत होत्या तिच्या.
आणि खालच्या मजल्यावरचे सिन्योर पेर्तोत
ज्यांना कपाटावर बसलेल्या मुली दिसतात,
रेनकोट घातलेल्या, तिघी.
ते त्यांच्याशी अदबीने बोलतात,
कालचं सगळं त्यांना लख्ख आठवतं,
फक्त पावलं अडखळतात
आणि चहाचा कप बशीत वाजत राहतो.
तोही डिमेन्शियाच. पण बाबांचा नव्हे.

बाबांचा उतार होता, पायरी नसलेला.
आधी सकाळ गेली. मग काल.
मग नातवाचं लग्न, जिथे ते नाचले होते.
अडुसष्ट सालचं ग्रीक जहाज मात्र
अजून धक्क्याला लागलेलं,
कप्तानाच्या सोन्याच्या दातासकट.

पाच आठवड्यांनी फुरलानबाई म्हणाल्या, "अल्झायमर."
आई उभी राहिली. बाजारात
माशांची अदलाबदल झाल्यासारखी म्हणाली,
"पण तुम्ही तर डिमेन्शिया सांगितला होता!"
"तोच आहे, सिन्योरा. आज त्याचं नाव कळलं."

जिन्यात मी आईचा हात धरला. तो थरथरत नव्हता.
"नाव कळून काय फरक पडतो?" ती म्हणाली.
मला उत्तर आलं नाही. गोळ्या वेगळ्या असतात, म्हणाले.
आणि काही गोळ्या अशा असतात
ज्या पेर्तोतना दिल्या तर अनर्थ होईल.
ती म्हणाली, "पेर्तोतचं मला काय सांगतेस?"
मग थोड्या वेळाने,
"वाऱ्यावर नाही सोडायचं त्यांना. एवढंच कळतं मला."

फेब्रुवारीत तीन दिवस बोरा.
शटरं आपटत होती, खाली कुणाची तरी स्कूटर आडवी.
बाबा स्वयंपाकघरात गाऊन घालून उभे,
कान काचेला लावून.
मी कोण, हे त्यांना आठवड्याभरात आठवलं नव्हतं.
"बोरा," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.
"हो, पण उजळ की काळा?"
असं विचारून त्यांनी पठारावरचे ढग पाहिले,
जिभेने ओठ ओला केला.
"काळा. बर्फ घेऊन येतोय.
सिन्योरा, तुम्ही कुणाच्या कोण मला ठाऊक नाही,
पण आज एकट्या घरी जाऊ नका."

मग गाऊनचा पट्टा सोडला,
दाराच्या मुठीला पक्की गाठ मारली,
बंदरातली, मला कधीच न जमलेली,
आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
"धरा," म्हणाले.
मी धरलं.