चवीपुरतं

सोनारांचे काटे तपासायला कंपनी मला
वर्षातून दोनदा मनामाला धाडते.
पितळी वजनांची पेटी, मखमलीच्या खोबणी,
आणि चिमटा. बोटाच्या घामानंही
वजन चुकतं, असं आम्हांला शिकवलंय.
दिवसभर श्वास रोखून बसायचं,
रात्री जेवणाचं बिल जपून ठेवायचं.

या खेपेला तोंडाची चवच गेली होती.
हॉटेलखालच्या मोफज्जलला म्हटलं, काहीतरी गरम सांग.
त्यानं कॉलर दाबता दाबता
इस्त्रीच्या टोकानंच दिशा दाखवली:
गुदैबियाची मागची गल्ली, शिंप्याला वळसा,
एसीचं पाणी डोक्यावर टपकेल तिथून आत.
पाटी नाही. निळा पडदा आहे.
वाकून जा.

ऑगस्ट. रात्रीचे अकरा.
चष्म्यावर वाफ धरलेली, रस्ता अंदाजानं.
वाकलो.

सात स्टुलं. सहांवर माणसं:
गणवेशाची वरची गुंडी सोडलेला पहारेकरी,
दोघी फिलिपिनो नर्स, एक म्हातारा टॅक्सीवाला,
बाकीच्या दोघांच्या फक्त पाठी दिसल्या.
कुणी बोलत नव्हतं. सगळे भुरकत होते.

पातेल्यामागे चित्रबहादूर पुन,
गाव म्याग्दीच्या डोंगरात,
अकरा वर्षं फुकुओकात,
त्यातली आठ भांडी घासण्यात.
तिथला व्हिसा संपला तेव्हा
मामेभाऊ इथे होता. एवढंच कारण.
"डुक्कर नाही घालत," तो म्हणाला,
"कोंबडीचे पाय, बोकडाची नळी, चौदा तास."

वाडगा आला. चष्मा पुन्हा धुकट.
काही न दिसता पहिला चमचा घेतला
आणि कोल्हापूरला पोचलो, असं म्हणणार नाही.
पण जीभ निपाणीच्या अलीकडे कुठेतरी
गाडी थांबवून उतरली.
पांढरा रस्सा. जवळजवळ.
नारळाचं दूध नाही, पण ओठ ओठांना चिकटवणारी
नळीतली तीच माया.

त्याला सांगितलं. काय काय घालता, त्यानं विचारलं.
नारळ, तीळ, काजू, आणि
मी आवाज खाली आणला, खसखस.
पहारेकऱ्यानं मान वर केली.
"ती राहू दे," चित्रबहादूर म्हणाला,
"नाहीतर उरलेला रस्सा तुरुंगात उकळावा लागेल."

काड्या धरवेनात.
एकोणीस वर्षं चिमटा धरलाय,
मिलिग्रॅमची पत्री उचललीय न थरथरता,
पण शेवया सटकत राहिल्या.
"आवाज कर," तो म्हणाला, "आवाजानं येतात."
आमच्या आत्याकडे भुरक्याला धपाटा मिळायचा.
मी मारला.
शेजारच्या नर्सनं मान डोलावली,
जशी तापाच्या कागदावर सही करावी.

मीठ किती घालतोस?
"म्हातारा सांगायचा नाही. हात बघ, म्हणायचा."
आमच्याकडे म्हणतात, चवीपुरतं.
"म्हणजे किती ग्रॅम?"
पेटी पायाशी होती. अख्खी पेटी.

मग त्यानंच शेवयांचा काटा पुढे सरकवला,
बघ म्हणाला, तुझं कामच आहे.
चिमट्यानं वजन ठेवलं.
अकरा ग्रॅम कमी दाखवतो, मी म्हटलं,
गिऱ्हाइकाला दर वाडग्यात जास्त जातंय.
दुरुस्त करू? पाच मिनिटं लागतील.
तो मागे वळून पातेलं ढवळत राहिला.
म्हातारा टॅक्सीवाला हिंदीत म्हणाला,
"जेवू द्या की साहेब."

मी खिशातून हिरवी चिठ्ठी काढली,
योग्य, असं छापलेली,
तारीख घातली, सही केली,
आणि त्या काट्याच्या कपाळावर चिकटवली.
नोकरीतली पहिली खोटी सही.
बिल मागितलंच नाही.

सकाळी सोन्याच्या बाजारात
एका पेढीचा काटा अर्ध्या मिलिग्रॅमनं चुकत होता.
लाल चिकटवली.
मालक हुज्जत घालत होता, चहा मागवत होता.
माझ्या बोटांना अजून वास होता नळीचा,
आणि चिमटा आज
जरा जड लागत होता.