दर सातवं घर

शापोऱ्याच्या काठी, आगरांच्या बांधाला लागून असलेल्या वाड्यावर
मी दर सातवं घर मोजते.
चिठ्ठीत तीन निघाले. म्हणून तीन, दहा, सतरा, चोवीस.
कुणाकडे जायचं हे मी ठरवत नाही,
एवढाच माझा प्रामाणिकपणा.

खांद्याला पिशवी : दाबाचं यंत्र,
जाड दंडाचा पट्टा, बारीक दंडाचा पट्टा,
अंगठ्यासाठी शाईची डबी,
आणि एकसष्ट प्रश्न.

तिसरं घर कुलपात.
मुलगा पोर्तुगालचे कागद करून लंडनजवळ कुठंतरी,
म्हातारी म्हापशाला लेकीकडे.
तीनदा यायचं, मग 'बंद' लिहून सोडायचं, असा नियम.
तिसऱ्या खेपेला मी कुलूप उगीच हलवून पाहिलं.

दहावं घर पदेराचं. रात्रभर भट्टीपुढं उभा.
'पाच मिनिटं गप्प बसा, मग मोजते,' म्हटलं
तर बसल्या जागी झोपलाच.
बायको म्हणाली, 'उठवू नका हो,
लग्नानंतर पहिल्यांदा कुणी त्याला बस म्हणालंय.'
झोपेतला दाब धरायचा की नाही
ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही.
मी थांबले. पावाचा वास कागदांना लागला.

सतरावं : सत्यभामा मांद्रेकर, वय अदमासे अठ्ठावन्न,
व्यवसाय मीठ काढणं.
प्रश्न बावीस. जेवताना वरून मीठ घेता का?
कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
तिनं तळवे पुढं केले. रेघांत पांढरं भरलेलं.
'बाये, वयल्यान म्हणजे?
हांव सकाळसून मिठांतच उबी आसां.'
आणि हसत सुटली.
मला खूण कुठं करावी कळेना.
दाब एकशे सोळा, बहात्तर. पोरीसारखा.

कुंपणापलीकडून अठरावं घर बघत होतं.
कोंसेसांव, दाराला टेकून, कपाळाला ओला फडका.
'माका मेज गो.'
तुमचं घर यादीत नाही, मावशी.
'यादी कोणी केली?'
चिठ्ठीनं.
'म्हणजे देवानंच. मग त्याला सांग,
माझं डोकं आठ दिवस फुटतंय.'

मी चोवीसला गेले. एकतीसला गेले.
तंबाखू, फेणी, सुकी मासळी,
आई कशानं गेली, बाप कशानं,
दिवसातून किती वेळ बसून असता.
घरात बोलायला कोण आहे, हा प्रश्न
एकसष्टांत नव्हता.

अंधार पडताना परत आले.
वही पिशवीतच ठेवली.
जाड दंडाचा पट्टा.
दोनशे बारा. खाली एकशे वीस.
पाच मिनिटं थांबून पुन्हा. दोनशे आठ.
ती म्हणाली, 'बरो आसा न्ही?'
मी पदेराच्या पावाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या
आणि सत्यभामाच्या भाच्यानं रिक्षा काढली,
तुयेंच्या इस्पितळाकडं, दिव्याविना निम्मी वाट.
सत्यभामा मागं बसली, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

पावसाळा सरल्यावर पणजीत अहवाल वाचला गेला.
पडद्यावर टक्का, दशांश एका स्थळापर्यंत,
दोन्ही बाजूंनी शंकेला सोडलेली थोडी जागा.
एका कोपऱ्यात पदेर आहे, सत्यभामा आहे,
बंद घर वजा केलेलं आहे.
कोंसेसांव कुठंच नाही.
आकडा बरोबर आहे. मी दोनदा पडताळला.
तिला आत घेतलं असतं तर तो चुकला असता,
हे मला पटतं.
रात्री पटत नाही.

परवा पेडण्याच्या बसवाल्यानं एक पुडी आणून दिली.
जाडं मीठ, राखाडी, अजून ओलसर.
कोणी दिलं ते त्याला सांगता आलं नाही.
'दोघी होत्या,' एवढंच म्हणाला.
प्रश्न बावीस.
कधी कधी.