तिसरं अक्षर

शुक्रवारी म्हापशाचा बाजार उलगताना
एस्पेरांसाबाय रुमालाची गाठ सोडते:
अमेरिकेचा अर्धा डॉलर, अठराशे सव्वीस.
सासरा बोटीवर होता. एवढंच ठाऊक.

मी कडेला धरतो, फक्त कडेला.
चांदीतल्या बाईचा गाल सपाट,
केस म्हणजे नुसता अंदाज.
टोपीच्या पट्टीवर सात अक्षरं हवीत.
एल आहे. टोकाला वाय.
एलच्या शेजारी उभी रेघ:
आय असेल,
नाहीतर कुणाच्या किल्लीचा ओरखडा.

तीन दिसली तर वरची प्रत, दोन तर खालची.
मधल्या पैशात तिच्या न्हाणीची कौलं येतात.

बल्ब तिरपा केला की आहे.
सरळ केला की नाही.
भिंगावर माझाच श्वास साचतो.

"चिंचेनं घासलं नाही ना?"
"नाही रे पुता. खिशात असायचं त्याच्या,
मिसाला उभा राहिला तरी
अंगठा फिरायचा वरून."

पाकिटावर पेन्सिलीनं प्रत लिहितो,
खोडतो, लिहितो.
"दोन्ही भाव सांग," ती म्हणते.
सांगतो.
ती नाणं उचलते, विचार करते,
आणि अंगठा नेमका त्या पट्टीवर.

बाय, कडेला धर.